एकाच शॉकअपची सायकल

सास्तूरच्या नव्या गावठाणात शिरलं की आधी रस्ते नजरेत भरतात. जुन्या गावात दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागायचं, असे बोळ होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर सगळं उभं करावं लागलं ते मोकळ्या माळावर. तिथे रस्ते सरळ आखले, रुंद ठेवले, एकमेकांना काटकोनात छेदणारे. या रुंदीमुळे शेजार लांब गेला, अशी तक्रार जुन्या माणसांनी पुष्कळ वर्षं केली आणि ती खरी होती. पण सायकलवर बसलेल्या पोराला विचारा. त्याला हा सिमेंटचा रस्ता, त्याच्या कडेचा अर्ध्या फुटाचा कठडा, दुकानापुढचा पेव्हर ब्लॉकचा चौक म्हणजे मैदानच वाटतं.

अशाच रस्त्यांवर उड्या मारायला, कठडे चढायला-उतरायला, एका चाकावर तोल सांभाळायला कोणती सायकल हवी, ती स्वतः कशी बांधायची, हे सांगण्यासाठी हा लेख. निमित्त माझ्या भाच्याचं. दिवाळीत त्याने मागणी केली ती ‘डबल शॉकअपवाली’ची: पुढे स्प्रिंग, मागे सीटखाली जाडजूड लाल स्प्रिंग, एकवीस गिअरांचं स्टिकर. मी नको म्हटलं तेव्हा त्याचा प्रश्न सरळ होता, “मामा, मागं शॉकअप नसल्यावर उडी कशी हाणायची?”

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग आणि मागचा सांगाडा पूर्ण ताठ, अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. उडी मारताना तुम्ही पायांनी खाली दाबता आणि त्या दाबाच्या उसळीवर सायकल वर घेता. मागे स्प्रिंग असेल तर तुमचा दाब तीच गिळून टाकते; पाय दाबतात, सायकल जागच्या जागी डुलते. शिवाय स्वस्तातल्या डबल शॉकअपमध्ये मागची स्प्रिंग म्हणजे नुसतं दोन-तीन किलोंचं ओझं. ती ज्या बिजागरीवर हलते तिथली बुशिंगं सहा महिन्यांत ढिली होतात आणि मग मागचं चाक शेपटीसारखं हलायला लागतं.

जड म्हणजे मजबूत नव्हे, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं समजावण्याची गरज नाही. दगड-मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, असं घर डोळ्यांना केवढं भक्कम दिसायचं. त्या पहाटे तेच वजन अंगावर आलं. पुढे घरं बांधताना भिंती जाड करण्यापेक्षा त्या एकमेकींना बांधण्यावर भर दिला गेला. पायाशी, खिडक्यांच्या वर, छताखाली काँक्रीटचे पट्टे फिरवले गेले. सायकलीची ताकदही तिच्या जोडांत असते: चाकाच्या तारांत, हँडलच्या मानेत, क्रँकच्या अ‍ॅक्सलमध्ये. पैसे तिथे घाला. स्प्रिंग, स्टिकर आणि गिअरांचा आकडा यांना शेवटचा नंबर द्या.

तशी स्प्रिंग नसतानाही हा खेळ उत्तम चालतो. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरात १९७०च्या दशकात पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावर सोडल्या, तेव्हा त्या पुढून-मागून ताठच होत्या. रॉकशॉक्सचा पहिला स्प्रिंगवाला चिमटा बाजारात यायला १९८९ साल उजाडलं. स्कॉटलंडचा डॅनी मॅकअस्किल २००९ मध्ये एडिंबरातल्या रस्त्यांवर, कुंपणांवर, जिन्यांवर जे करून दाखवत जगभर पोचला, ते साध्या ताठ चिमट्याच्या छोट्या सायकलीवर. आपल्याकडे पुण्यात सायनाइड बाइक्स या छोट्या कंपनीने ‘फ्युरान’ नावाची हार्डटेल घडवली. दणकट सायकल परदेशातूनच यावी लागते, हा समज तिने थोडा तरी पुसला.

आता सांगाडा. सास्तूरसारख्या ठिकाणी नवी, याच कामासाठी केलेली फ्रेम मिळणार नाही आणि तिची गरजही नाही. घरोघरी पडवीत, गोठ्यात एखादी ‘रेंजर’ उभी असते. कंपनी कोणतीही असो, जाड टायरच्या सरळ हँडलच्या सायकलीला आपण रेंजरच म्हणतो. २६ इंची चाकाची, लोखंडी, सरळ तिकोनी फ्रेमची अशी एखादी शोधा. आपल्या उंचीला किंचित लहान वाटेल अशीच घ्या. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर वरची दांडी आणि जांघ यांत निदान चार बोटं, शक्यतो एक वीत अंतर हवं. उडी फसली की पाय खाली येतात, तेव्हा हे अंतरच वाचवतं. शाळेसाठी मिळालेली मुलींची खालच्या दांडीची सायकल या कामाला घेऊ नका. ती रोजच्या वाटेसाठी चांगली, पण वरची दांडी नसल्याने उडीचा पीळ तिची फ्रेम फार दिवस सोसत नाही. मुलींनी हा खेळ खेळावा, जरूर खेळावा, आणि तिकोनी फ्रेमवर खेळावा.

घेण्याआधी फ्रेम रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि उन्हात धरून तीन जागा पहा: हँडलच्या मानेखाली जिथे खालची नळी जोडलेली असते तो भाग, सीट आवळायच्या पट्टीच्या आसपास, आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या क्रँकजवळ जिथे जोडल्या आहेत तिथे. रंगात केसासारखी रेघ आणि रेघेतून गंज डोकावत असेल तर ती फ्रेम सोडा. लोखंडी फ्रेमची बारीक दुरुस्ती चांगला कारागीर गॅसवर पितळेच्या झाळीने करू शकतो. जुन्या दांडीच्या सायकलींचे जोड असेच झाळलेले असतात. पण ट्रॉलीचं हूक जोडणाऱ्या आर्क वेल्डिंगखाली ही पातळ नळी जळते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तर गावात हात लावूच देऊ नका. तिची ताकद कारखान्यात विशिष्ट तापमानाला तापवून आणलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती जोडाजवळच निघून जाते. बाहेरून शिवण सुंदर दिसते आणि दुसऱ्या उडीत तिथेच तुटते.

चिमट्याबद्दल थोडक्यात. जुन्या रेंजरचा स्प्रिंगचा चिमटा हलवून पहा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. आतल्या नळ्या खडखडत असतील, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा ताठ चिमटा बसवा. बदलताना चाकाच्या अ‍ॅक्सलपासून मानेच्या खालच्या वाटीपर्यंतची लांबी मोजा. जुन्या आणि नव्या चिमट्यात दोन सेंटिमीटरचा फरक पडला तरी मानेचा कोन साधारण एक अंशाने बदलतो; फार आखूड चिमट्याने सायकल वळणावर चटकन आत पडते, फार लांब चिमट्याने हँडल सुस्त होतं. मानेच्या नळीचं मापही जुळलं पाहिजे, म्हणून जुना चिमटा दुकानात सोबत न्या. स्प्रिंगचा ठेवणार असाल तर रस्त्यासाठी ती कडक हवी. आतल्या नळीला प्लास्टिकची टाय गुंडाळा, सायकलवर हळूच उभे रहा, उतरा. टाय किती सरकली ते पट्टीने मोजा. ८० मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यात ८ ते १२ मिलिमीटर पुरे.

खरा जीव चाकात आहे, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष चाकाकडे देतात. आपली जुनी दांडीची सायकल आठवा. तिच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्याला ४०. दुधाचे कॅन, गव्हाचं पोतं, बायको-पोरं, सगळं वजन मागे येणार हे तिच्या रचनाकाराला ठाऊक होतं. उडी मारून उतरतानाही पहिला दणका मागेच बसतो. म्हणून मागचं चाक निदान ३६ तारांचं आणि दुहेरी भिंतीच्या रिमचं घ्या. दुहेरी भिंत ओळखायला सोपी: टायर काढून रिमच्या आतून पाहिलं की तारांची टोकं खोल खड्ड्यात बसलेली दिसतात, एकेरी रिममध्ये ती वरच दिसतात. पुढचं चाक साधं असलं तरी काही काळ चालतं, मागचं चालत नाही.

मापाचा एक घोळ इथे हमखास होतो. टायरवर ‘२६’ लिहिलं म्हणजे कुठलाही २६ चा टायर बसेल असं नाही. रेंजरच्या २६ इंची रिमचा खरा व्यास ५५९ मिलिमीटर. जुन्या बारीक टायरच्या २६ गुणिले १ ३/८ मापाचा व्यास ५९०, आणि दांडीच्या सायकलीच्या २८ गुणिले १ १/२ चा ६३५. टायरच्या कडेला बारीक अक्षरात हा तीन आकडी व्यास छापलेला असतो. इंचाकडे पाहू नका, तोच वाचा. २६ गुणिले २.१ किंवा २.२५ चा टायर घ्या, नक्षी बारीक आणि मधोमध सलग. शेतातल्या काळ्या मातीसाठी असलेल्या मोठ्या गुट्ट्या सिमेंटवर घुरघुरतात आणि वळताना सरकतात.

नवं चाक बांधून घेतलं की कारागिराकडून ‘आउट’, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्या आणि मग घरी प्रत्येक तारेला बोटाने छेडा. एका बाजूच्या तारांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. एखादी बद्द वाजली तर ती ढिली आहे, तिच्या शेजारणींवर तिचं ओझं पडतंय. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या बाजूचा स्वर वेगळा येतो, त्याची काळजी नको. पहिले चार-पाच दिवस चालवल्यावर तारा पुन्हा बसतात, तेव्हा एकदा परत आउट काढावाच लागतो. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात आणि मग तारा तुटल्या की रिमला शिव्या देतात.

हबमधल्या छऱ्यांचंही तसंच. पुढच्या हबमध्ये बहुधा दर बाजूला ३/१६ इंचाचे १० छर्रे, मागच्यात १/४ इंचाचे ९. ते मोजून, जुनं काळं ग्रीस रॉकेलने धुऊन, नवं भरून बसवा. कोन इतकाच आवळा की चाक बाजूला हलवल्यावर खटखट नको आणि अ‍ॅक्सल बोटाने फिरवल्यावर दाणेदार घासणं नको. या दोन टोकांमधली जागा पाव आट्याएवढी असते. ती सापडायला वेळ लागतो; लागू द्या.

हवा: साठ किलोच्या आसपासच्या मुलासाठी पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआयपासून सुरुवात करा, टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून. हवा कमी असली की कठड्यावर आपटताना रिम आणि कठडा यांत ट्यूब चिरडते आणि सापाच्या दातांसारखी दोन शेजारशेजार भोकं पडतात. आपल्याकडे पंक्चरचं दुसरं कारण सराटा. माळावरून, बांधावरून सायकल नेली की टायरभर सराटे रुततात. ते एकेक उपटून, टायरच्या आतून बोट नव्हे तर कापसाचा बोळा फिरवून पहा. जिथे कापूस अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ट्यूब मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्या, म्हणजे पंपावर दाब मोजून हवा भरता येते. बारीक रबरी नळीच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये दाब नेमका कळत नाही. आणि सायकल उन्हात उभी करू नका. एप्रिल-मेच्या उन्हात पॅचचं सोल्युशन मऊ पडतं आणि बरा असलेला पॅच सुटतो.

गिअर काढून टाका, असं मी सांगितलं तेव्हा भाचा दोन दिवस बोलला नाही. पण उडीच्या सायकलीला गिअर म्हणजे लटकणारी नाजूक वस्तू. एकदा कठड्याला घासली की वाकली. मागे दांडीच्या सायकलीची १८ दात्यांची साधी फ्री बसवा. रेंजरच्या आट्याच्या हबवर ती बहुधा तशीच बसते; कारण दोन्हींचे आटे एकाच मापाचे असतात. पुढे तीन चकत्यांपैकी मधली ३४ दात्यांची ठेवा. एका पेडलफेरीत सायकल जवळपास ३.९ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी १९ किलोमीटर. शाळेत जायला पुरेसं, आणि जागेवरून झटका द्यायला हलकं. दांडीच्या सायकलीची ४४ किंवा ४८ दात्यांची चकती लावलीत तर सपाटीवर वेग येईल, पण उडीच्या आधीचा तो एक झटका येणार नाही.

चेन १/८ इंच रुंदीची, साध्या सायकलीची. ती पातळ गिअरच्या चकतीवर चालते. उलट, गिअरची ३/३२ ची पातळ चेन जाड फ्रीवर बसत नाही. मागे उभं राहून एक डोळा मिटून पहा, पुढची चकती आणि मागची फ्री एका रेषेत हवी. नसेल तर फ्रीमागे वॉशर घालून किंवा चाकाचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकवून ती रेषेत आणा. अ‍ॅक्सल सरकवलात तर चाक मधोमध बसण्यासाठी तारा पुन्हा ओढाव्या लागतील. अ‍ॅक्सल बसायच्या खाचा आडव्या असतील तर चाक मागे ओढून चेन ताणा, मधोमध बोटाने दाबल्यावर एक सेंटिमीटर खाली-वर व्हावी. खाचा उभ्या असतील तर जुना मागचा गिअर बदलणारा भाग काढू नका; त्याच्या दोन स्क्रूंनी तो फ्रीच्या खाली एकाच जागी अडकवा, तो चेन ताणायचं काम करेल.

क्रँक कॉटर पिनचा असेल तर तो बदलाच. पिन उड्यांनी चेपते आणि पेडल दर फेरीत ठेचकाळतं. चौकोनी अ‍ॅक्सलवर बसणारा बिनपिनीचा क्रँक घ्या. पेडल बसवताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेने आवळतं. मी घाईत एकदा जोर लावला आणि नव्या क्रँकचे आटे खाल्ले. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकवर लोखंडी पेडल नेहमी हाताने, ग्रीस लावून, तीन-चार फेरे फिरवून मगच पाना लावायचा.

ब्रेक दोन्ही हवेत. काही व्हिडिओंतले स्वार पुढचा ब्रेक काढून टाकतात, पण ते बंद जागेत खेळतात. आपल्या रस्त्यावर उसाच्या हंगामात संध्याकाळी बिनदिव्यांची ट्रॉली येते, तिच्यामागून वासरू येतं. ब्रेकच्या मुठी अशा फिरवा की उभं राहून हात सरळ ठेवल्यावर मनगट न वाकवता एका बोटाने दाबता येतील. पॅड रिमला लागताना टायरला लागत नाहीत ना, हे पहा. टायरला घासणारा पॅड एका आठवड्यात त्याची भिंत कापतो.

हँडल ६८० ते ७२० मिलिमीटर रुंद, आणि त्याला फ्रेमशी जोडणारा स्टेम आखूड, ५० मिलिमीटरच्या आसपास. जुन्या रेंजरचा लांब स्टेम अंगाला पुढे झुकवतो, आणि पुढचं चाक उचलणं अवघड करतो. स्टेम आत खुपसायचा असेल तर त्याच्यावर किमान खोलीची रेघ कोरलेली असते, ती दिसता कामा नये. सीटच्या नळीलाही तशीच रेघ असते. सीट रस्त्यावर खेळताना खाली, शाळेत जाताना वर. खाली ठेवूनच रोज दहा किलोमीटर चालवलंत तर गुडघे दुखायला लागतील.

आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं लावा. उघडी नळी पडताना पोटात घुसते, पोरांना त्यामुळे गंभीर जखमा होतात. ही दोन बुचं दुकानात सहज मिळतात. नाही मिळाली तर ती मिळेपर्यंत सायकल चालवू नका. हेल्मेट सायकलचंच, ‘इएन १०७८’ असा शिक्का असलेलं. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली एक बोट शिरेल इतका.

आता कुठे चालवायची. सकाळी साडेसहाच्या आधी किंवा बाजार उठल्यावर, रस्ता रिकामा असताना. पहिला आठवडा फक्त उभं राहून तोल सांभाळा, चाक न हलवता, दहा मोजेपर्यंत. मग कठड्यावरून उतरा: दोन्ही पेडल समतल, गुडघे वाकलेले, दोन्ही चाकं एकाच वेळी जमिनीला टेकतील असं. त्यानंतर पुढचं चाक चढवणं, आणि मग दोन्ही चाकं उचलण्याची उडी, जी साधायला महिने लागतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य दिसलं की उतरा आणि ढकलत न्या. दाण्यांवर टायर छऱ्यांवर सरकावा तसा सरकतो. शिवाय ते कोणाचं तरी वर्षाचं पीक असतं.

दोन जागा मात्र वगळा. देवळाच्या पायऱ्या, कारण तिथे म्हातारी माणसं बसतात. आणि भूकंपातल्या मृतांची आठवण जिथे जिथे जपली आहे ती कोणतीही जागा, तसंच जुन्या गावाचे पडलेले ओटे आणि जोती. वीस-बावीस वर्षांच्या पोराला ती उडीसाठी छान उंचीची दगडी कड दिसते. त्याच्या आजीला तिथे स्वतःचं स्वयंपाकघर दिसतं.

भाच्याची सायकल आता तेरा किलोच्या आत आहे, आधी मागितलेली नक्कीच याहून जड भरली असती. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर आम्ही तिचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळले: स्टेम, सीट, क्रँक, दोन्ही अ‍ॅक्सल, ब्रेकची तार. क्रँकचा बोल्ट अर्धा आटा घेऊन गेला. तुम्हीही नेमकं तेच करा, आणि त्या दिवशी मागच्या चाकाच्या तारा पुन्हा बोटाने छेडायला विसरू नका.